खोक्यावरच्या वाघाची वकिली

मुलं नाहीतरी वरून साखर घालून घेतातच, मग कारखान्याने ती मोजून-मापून आधीच चढवून दिली तर बिघडलं कुठे? साखरेचा मुलामा दिलेल्या सीरियलच्या बाजूने जे काही बोललं जातं, त्यातला हा सर्वांत जुना युक्तिवाद. तो ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. फिलाडेल्फियाच्या जिम रेक्सला घरातली मुलं नाश्त्याच्या वाडग्यात चमच्यामागून चमचे साखर ओततात, हे बघवेना. फुलवलेल्या गव्हावर आधीच पाक चढवून दिला, तर पोरांचा हात साखरेच्या भांड्याकडे जाणार नाही, असा त्याचा हिशेब होता. १९३९ साली ‘रेंजर जो’ या नावाने तो गहू अमेरिकेच्या बाजारात आला.

हा हिशेब नीट तपासला जायला सत्तरेक वर्षं गेली. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी उन्हाळी शिबिरात आलेल्या पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे दोन गट केले आणि त्यांचे निष्कर्ष २०११ साली ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आले. एका गटापुढे साधे कॉर्नफ्लेक्स, राइस क्रिस्पीज आणि चीरिओज ठेवले. दुसऱ्यापुढे फ्रॉस्टेड फ्लेक्स, फ्रूट लूप्स आणि कोको पेबल्स. दूध, संत्र्याचा रस, केळ्याचे आणि स्ट्रॉबेरीचे काप आणि साखरेच्या पुड्या दोन्हीकडे सारख्याच. साध्या सीरियलवाल्या मुलांनी पुड्या फोडल्या, साखर घातली. तेवढ्यापुरतं रेक्सचं म्हणणं खरं ठरलं. पण त्या मुलांनी सरासरी ३५ ग्रॅम सीरियल खाल्लं आणि सगळी मिळून साडेबारा ग्रॅम साखर त्यांच्या पोटात गेली. गोड गटाने खाल्लं ६१ ग्रॅम, आणि साखर गेली २४.४ ग्रॅम. जवळजवळ दुप्पट. साध्या गटातली निम्म्याहून जास्त मुलं वाडग्यात फळांचे काप घालून घेत होती. गोड गटात अशी मुलं शंभरात दहासुद्धा नव्हती. आणि आवडलं का, असं विचारल्यावर दोन्ही गटांचं उत्तर एकच होतं: आवडलं.

साखरेची पुडी मुलाच्या हातात दिली, तर ते कुठेतरी थांबतं. कारखान्याच्या हातात दिली, तर थांबत नाही. माझा सगळा आक्षेप या एका गोष्टीवर उभा आहे, आणि समर्थकांचा एकही मुद्दा मला या गोष्टीपाशी येऊन टिकताना दिसत नाही.

कारखान्यात काय घडतं, ते जरा जवळून पाहू. भाजलेले मक्याचे पापुद्रे एका मोठ्या, कलत्या, फिरत्या पिंपात पडतात आणि वरून गरम पाकाचा फवारा सुरू होतो. संक्रांतीचा हलवा करताना तिळावर थोडा थोडा पाक सोडून तो हलवत राहतात, तीच ही क्रिया, फक्त यंत्राने आणि झपाट्याने केलेली. पिंप फिरत राहतं, पापुद्रा उलटासुलटा होत राहतो, त्यामुळे पाक दोन्ही अंगांना लागतो. मग गरम हवेत सुकवणी. पाक निव्वळ साखरेचा असेल तर सुकताना त्याचे बारीक कण धरतात आणि पापुद्र्यावर पांढरी, हिमासारखी झाक येते. त्यात मध किंवा मक्याचा चिकट पाक मिसळला तर काचेसारखी चकाकी येते. हा थर दुधाला लवकर आत शिरू देत नाही, म्हणून पापुद्रा जास्त वेळ कुरकुरीत राहतो. वरून भुरभुरलेली साखर दुधात विरघळून वाडग्याच्या तळाशी जाते आणि बरीचशी तिथेच राहते. चढवलेली साखर मात्र बहुतेक पापुद्र्याबरोबरच पोटात जाते. खाणाऱ्याला ती वेगळी दिसत नाही, मोजता येत नाही, कमी करता येत नाही.

दुसरा पक्ष वारशाचा. सीरियल हे मुळातच आरोग्याचं अन्न, ते आरोग्यधामात जन्मलं, असं सांगितलं जातं. जन्माची गोष्ट खरी आहे. मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावात सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचं आरोग्यधाम होतं, डॉक्टर जॉन हार्वी केलॉग त्याचे प्रमुख होते आणि धाकटा भाऊ विल कीथ तिथला कारभार बघत होता. १८९४ साली तिथे शिजवलेल्या गव्हाचे पापुद्रे लाटून भाजण्यात यश आलं. मांसाहार आणि मसालेदार जेवण सोडायला सांगितलेल्या रोग्यांसाठी हे बेचव, पचायला हलकं अन्न होतं. पण पुढे काय झालं, तेही त्याच इतिहासात आहे. विलने कॉर्नफ्लेक्समध्ये साखर घातली आणि १९०६ साली स्वतःची कंपनी काढली. डॉक्टरांना हे मुळीच मान्य नव्हतं. केलॉग हे नाव कोणी वापरायचं, यावरून दोघे भाऊ वर्षानुवर्षं कोर्टात भांडले आणि १९२० साली निकाल विलच्या बाजूने लागला. त्याच आरोग्यधामात रोगी म्हणून आलेल्या सी. डब्ल्यू. पोस्टने बाहेर पडून आपला वेगळा धंदा उभारला होताच. तेव्हा वारसा सांगायचा असेल तर पुरता सांगावा. ज्या भावाच्या तत्त्वामुळे सीरियलला आरोग्याचं नाव मिळालं, तो या लढाईत हरला. साखरेचा मुलामा त्याच्या नावावर खपवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

विलच्या कॉर्नफ्लेक्समधली साखर तरी आजच्या मानाने किरकोळ होती असं म्हणावं लागतं, कारण खरी उडी दुसऱ्या महायुद्धानंतर पडली. १९४९ साली पोस्टचं शुगर क्रिस्प आलं. केलॉग कंपनी १९५० मध्ये शुगर पॉप्स, १९५२ मध्ये शुगर फ्रॉस्टेड फ्लेक्स आणि १९५३ मध्ये शुगर स्मॅक्स घेऊन उतरली. या शेवटच्या सीरियलमध्ये वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग साखरेचा होता. म्हणजे गव्हावर साखर असं न म्हणता, साखरेत थोडा गहू म्हणणं अधिक प्रामाणिक ठरलं असतं. ‘शुगर’ हा शब्द तेव्हा खोक्यावर मोठ्या अक्षरांत मिरवत होता. युद्धकाळातल्या रेशनिंगनंतर साखर ही आनंदाची गोष्ट होती. याच वर्षांत टेलिव्हिजन घराघरांत शिरला आणि कंपन्यांना पहिल्यांदाच आईच्या डोक्यावरून थेट मुलाशी बोलण्याची सोय झाली.

इथे वाघ येतो. त्याच्या बाजूने असं म्हणतात की, चित्र म्हणजे नुसती ओळख, कोणत्याही मालाला छाप असतेच. ही तुलना फसवी आहे. १९५२ साली फ्रॉस्टेड फ्लेक्सच्या खोक्यांवर टोनी वाघ आणि केटी कांगारू ही दोन्ही पात्रं उतरवली होती. टोनीच्या खोक्यांची विक्री जास्त झाली, केटी थोड्याच काळात गेली. आतला माल एकच होता. कोणत्या चित्राला पाहून मूल हात पुढे करतं, याची ती सरळ चाचणी होती. लिओ बर्नेटच्या जाहिरात कंपनीने त्या वाघाला गळ्यातला लाल रुमाल दिला, थर्ल रेव्हन्सक्रॉफ्टने पन्नासहून जास्त वर्षं आपला खर्जातला आवाज दिला आणि ‘दे आर ग्रेट’ म्हणताना ‘र’वर गुरगुरण्याची लकब दिली. मी रेव्हन्सक्रॉफ्टच्या कलेला कमी लेखत नाही. तो असामान्य गायक होता. पण पाच वर्षांच्या मुलाला ती जाहिरात वाटत नाही. त्याला तो दोस्त वाटतो. दोस्त सांगतो ते खरं मानायचं, हे त्या वयाचं शहाणपण आहे, आणि त्याच शहाणपणाचा इथे वापर केला गेला.

पुढे साखरेबद्दल बोललं जाऊ लागलं. १९७० साली रॉबर्ट चोट यांनी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे साठ सीरियल्सची पोषणमूल्यांनुसार यादी मांडली आणि त्यातली बहुसंख्य नुसत्या पोकळ उष्मांकांची आहेत, असं दाखवलं. ह्यूस्टनच्या आयरा शॅनन या दंतवैद्याने बाजारातून ७८ प्रकारची सीरियल्स आणून प्रयोगशाळेत त्यांतली साखर मोजली. यावर उद्योगाने काय केलं? १९८०च्या दशकात नावं बदलली. शुगर फ्रॉस्टेड फ्लेक्सचे फ्रॉस्टेड फ्लेक्स झाले, शुगर स्मॅक्सचे हनी स्मॅक्स, शुगर क्रिस्पचे गोल्डन क्रिस्प. नावातली साखर गेली. पिंपातली राहिली. आजही अमेरिकेतल्या फ्रॉस्टेड फ्लेक्समध्ये वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश साखर आहे, साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये साधारण एकदशांश. वाघ मात्र हलला नाही. उलट खोक्यावर साखरेची जी जागा रिकामी झाली, तीही त्यानेच भरून काढली.

जीवनसत्त्वांचा मुद्दा मी हलका मानत नाही. लोह, फॉलिक अ‍ॅसिड, ब गटातली जीवनसत्त्वं सीरियलमध्ये घातली जातात आणि ज्या घरांत मुलांचं एरवीचं खाणं निकस असतं, तिथे त्यांचा खरोखर उपयोग होतो. पण ती जीवनसत्त्वं साध्या कॉर्नफ्लेक्समध्येही घातलेली असतात. त्यांना साखरेची साथ लागत नाही. तरीही २००९ साली अमेरिकेत ‘स्मार्ट चॉइसेस’ नावाच्या योजनेत फ्रूट लूप्सच्या खोक्यावर हिरवी खूण झळकली. टीका इतकी झाली की योजना त्याच वर्षी गुंडाळावी लागली. चार चांगले गुण जमा करून त्यांत एक मोठा दोष बुडवायचा, ही त्या खुणेमागची रीत होती.

दुधाचा युक्तिवादही याच जातीचा. इंग्लंडमध्ये जास्त साखरेचे पदार्थ दुकानात मोक्याच्या जागी मांडण्यावर बंधन आणणारे नियम आले, तेव्हा केलॉग कंपनी कोर्टात गेली. म्हणणं असं की, सीरियल कोणी कोरडं खात नाही, तेव्हा गुण देताना दूध धरूनच मोजा. जुलै २०२२ मध्ये हायकोर्टाने हे फेटाळलं. दूध ओतलं म्हणून पापुद्र्यावरची साखर एक कणही कमी होत नाही, हे कळायला न्यायाधीश असावं लागत नाही. त्याच न्यायाने मग कुठलाही गोड पदार्थ दुधाच्या पेल्याबरोबर पौष्टिक ठरेल.

सर्वांत जोरदार पक्ष स्वातंत्र्याचा, आणि त्यानेच आजवर बाजी मारली आहे. खरेदी आईवडील करतात, त्यांना नको असेल तर त्यांनी घेऊ नये. सरकारने मध्ये पडायचं कारण काय? १९७८ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने लहान मुलांना उद्देशून केल्या जाणाऱ्या जाहिरातींवर, विशेषतः गोड पदार्थांच्या जाहिरातींवर बंधन घालायचा प्रस्ताव आणला, तेव्हा ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेखात आयोगाला देशाची दाई म्हणून हिणवलं. १९८० साली काँग्रेसने कायदाच करून आयोगाचे हात बांधले आणि पुढच्या वर्षी प्रस्ताव बारगळला. मी आईवडिलांचा अधिकार पूर्ण मानतो, आणि म्हणूनच विचारतो: निर्णय त्यांचा आहे, तर जाहिरात त्यांच्याशी का बोलत नाही? मोठ्या माणसाला पटवायचं असतं तर खोक्याच्या दर्शनी भागावर साखरेचे ग्रॅम छापले असते. तिथे वाघ आहे, कारण बोलणं निर्णय घेणाऱ्याशी नाही, निर्णय घेणाऱ्याकडे हट्ट धरणाऱ्याशी चाललं आहे. दुकानाच्या मध्यावर रडणाऱ्या मुलापुढे आईने कणखर राहावं, असा उपदेश करणारे त्या हट्टाचा खर्च कोणी केला, हे सांगत नाहीत. साखर मोजून घालण्याचा अधिकार आईवडिलांना द्यायचा असेल, तर तो साध्या सीरियलनेच मिळतो. मुलामा चढवला की तो त्यांच्या हातून गेला.

या गोष्टीला एक महाराष्ट्रातली बाजू आहे. केलॉग कंपनी १९९४ साली भारतात आली आणि तिचा कारखाना रायगड जिल्ह्यातल्या तळोज्यात उभा राहिला. सुरुवातीचे कॉर्नफ्लेक्स इथे फारसे चालले नाहीत, कारण आपल्याकडे दूध तापवून गरम गरम घेतात आणि त्यात पापुद्र्यांचा लगदा होतो. दोनेक वर्षांत चोकोज आले, मग फ्रॉस्टीज. मोठ्यांच्या सवयीपाशी अडलेल्या कंपनीने इथेही मुलाच्या जिभेची आणि खोक्यावरच्या पात्राची वाट धरली. दारुण अनुभव घेऊन अमेरिका जिथे पोचली, तिथे आपण जाहिरातीच्या जोरावर थेट उतरलो.

वाघ हटवता येतो, हे चिलीने दाखवून दिलं आहे. तिथे २०१६ साली जास्त साखरेच्या पदार्थांवर काळी अष्टकोनी खूण सक्तीची झाली आणि मुलांना भुलवणारी पात्रं खोक्यावरून उतरवावी लागली. फ्रॉस्टेड फ्लेक्स तिथे ‘झुकारितास’ या नावाने मिळतात, त्यांच्या खोक्यावरून टोनी गेला. मेक्सिकोनेही तीच वाट धरली. दुकानं बंद पडली नाहीत, सीरियल मिळेनासं झालं नाही.

आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली जो मसुदा काढला, तो पाकिटावर अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे देण्याचा. त्यात भरड धान्य, तंतू, प्रथिनं यांचे अधिक गुण साखरेच्या उण्या गुणांतून वळते होतात. फ्रूट लूप्सच्या हिरव्या खुणेमागे जे गणित होतं, तेच हे. मला तारे नकोत. लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सीरियलच्या दर्शनी भागावर शंभर ग्रॅममागे किती ग्रॅम साखर, हा आकडा मोठ्या टायपात हवा. ठरलेल्या मर्यादेपलीकडे साखर असेल तर त्याच भागावर ठसठशीत इशारा हवा आणि कोणताही वाघ, अस्वल, बेडूक नको. कंपनीला पात्र इतकंच प्रिय असेल, तर तिने पिंपातला फवारा कमी करावा आणि ते साध्या कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर छापावं.