गरज सरो, वैद्य मरो?

बारामती तालुक्यातील खांडज येथे १५ मार्च २०२३ रोजी गोबरगॅसशी जोडलेल्या टाकीत एक मनुष्य गुदमरला. त्यास वाचविण्यासाठी इतर तिघे आत उतरले आणि चौघेही गतप्राण झाले. २१ मे २०२४ रोजी कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी नाव उजनीच्या जलाशयात उलटून सहा जण बुडाले, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान वादळी पाण्यात शोधास उतरले. त्याच आठवड्यात सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तिघा जवानांना जलसमाधी मिळाली.

हे सर्व याच देशाचे नागरिक होते. त्यांच्या कुटुंबांवर कोसळलेले दुःख अपार असले, तरी ‘तुम्ही येथे राहणार कोणत्या हक्काने?’ असा प्रश्न त्यांना कोणी विचारणार नाही. परंतु असा वीर उद्या परदेशातून येथे पोटासाठी आलेला निघाला, तर काय होईल? आग लागलेल्या इमारतीत प्रथम धावणारा पहारेकरी कित्येकदा नेपाळचा असतो. आग मात्र कोणाचे नागरिकत्व विचारीत नाही.

कायदा ते विचारतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे परकीयास देशीकरणासाठी अर्जापूर्वीचे सलग एक वर्ष आणि त्याआधीच्या १४ वर्षांपैकी ११ वर्षे येथे काढावी लागतात. ३ डिसेंबर २००४ पासून येथे जन्मलेल्या मुलासही, आईबापांपैकी एकही भारतीय नसल्यास, जन्माने नागरिकत्व लाभत नाही. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता अथवा मानवी प्रगती यांची विशेष सेवा करणाऱ्यास या अटींतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. ही तरतूद उदार खरी; पण ती अर्जदाराच्या स्वतःच्या सेवेसाठी आहे. दुसऱ्याचा जीव वाचविताना मेलेला मनुष्य अर्ज करू शकत नाही, आणि त्याच्या पत्नीजवळ दाखविण्यास वैधव्यावाचून काही नसते.

इतर देशांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. फ्रान्सने १९९९ मध्ये आपल्या सैन्यात लढताना जखमी झालेल्या परकीयास नागरिकत्वाचा हक्क दिला व तो मरण पावल्यास त्याचा लाभ अज्ञान मुलांना देऊ केला. अमेरिकेने २००१ च्या हल्ल्यानंतर, मृतांच्या परदेशी कुटुंबीयांचे वास्तव्याचे अर्ज केवळ त्या मृत्यूमुळे बाद होऊ नयेत, अशी तरतूद केली.

नागरिकत्व म्हणजे बक्षीस नव्हे, सवलतीने खोट्या दाव्यांना वाव मिळेल, हे आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. म्हणूनच आमची सूचना मर्यादित आहे. कायदेशीरपणे येथे राहणाऱ्या कुटुंबातील पत्नी वा पती, मुले आणि अवलंबून असलेले आईबाप यांनाच ही सवलत असावी. घटनेची चौकशी जिल्हाधिकाऱ्यांनी करावी. चारित्र्याची छाननी कायम ठेवावी. मात्र वर्षांची अट शिथिल करावी आणि निर्णय होईपर्यंत कोणासही देशाबाहेर घालवू नये. अशी प्रकरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतील. तेव्हा राज्याच्या सुरक्षिततेला यात धोका तो कोणता?

वीराच्या चितेवर पुष्पचक्र वाहावयाचे आणि त्याच्या मुलास परका म्हणावयाचे, ही नीती आपल्या संस्कृतीस शोभत नाही. ज्याने आपल्या माणसांसाठी प्राण दिले, त्याची माणसे आपली मानणे हा उपकार नव्हे, ऋणफेड आहे. संसदेने कायद्यात एक कलम वाढवून ती करावी.