भाचीचे दात

भाऊबीजेला माहेरी जावयाचे, भावाला ओवाळावयाचे आणि वहिनीच्या हातच्या चकल्या डब्यात भरून पुण्यास परतावयाचे, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. माहेर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या अलीकडे. 2022 सालच्या भाऊबीजेला ओवाळणे झाल्यावर सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला. फोटोत आम्ही सारे खदखदून हसत होतो. एकट्या भाचीचे ओठ मिटलेले. वाटले, रुसली असेल. म्हणून सहज मागचे फोटो पाहिले, तो काय! दोन वर्षांत हिचा एकही दात कोठे दिसत नाही. कोठे ओढणी तोंडाशी, कोठे तळहात, कोठे नेमकी मान वळवलेली.

मग माझे लक्ष तिच्या ताटाकडे गेले. चकली ती पुढच्या दातांनी तोडीत नव्हती. बोटांनी बारीक मोडून बाजूच्या दाढेखाली सारीत होती.

रात्री अंथरुणात विचारले. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आत्या, मला वर्गात फावडं म्हणतात."

मुलगी तेव्हा सातवीत, बारा वर्षांची. पाठांतर चोख. पाचवीत असताना शिवजयंतीला भाषण करून आली, तेव्हा आमचा दादा आठ दिवस तेच सांगत होता. शिवनेरी शेजारच्या तालुक्यात, त्यामुळे आमच्याकडे शिवजयंतीचे भाषण म्हणजे काही लहानसहान गोष्ट नव्हे. सातवीत मात्र बाईंनी नाव पुकारल्यावर हिने घसा दुखतो म्हणून सांगितले. घसा कुठला दुखतो! धड्याचे वाचन आपल्यापर्यंत येऊ नये म्हणून ती मागच्या बाकावर जाऊन बसू लागली होती, आणि घरात हे कोणालाच ठाऊक नव्हते.

वहिनीला सांगितले तर ती म्हणाली, "वन्सं, पोरीची जात, वयात येतीय, लाजत असंल."

डिसेंबरात दादाच्या मागे लागून तिला नारायणगावला दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर पुण्याहून ठरल्या दिवशी येत. त्यांनी आरसा फिरवून तोंड पाहिले आणि पहिला प्रश्न वहिनीला केला, "दुधाची दाढ लहानपणी काढली होती का?" काढली होती. किडली, ठणकू लागली, काढून टाकली. दुधाचीच तर होती, पडणारच होती! हा समज आपल्या पुण्याच्या ब्लॉकमधूनही तितकाच पक्का आहे, म्हणून थोडे सांगते.

दुधाचे दात वीस. ते नुसते चावण्यासाठी नसतात. मागून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा ते धरून ठेवतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली पक्की दाढ येते. कोणताही दात न पडता ती येते, त्यामुळे पुष्कळ आया तिला दुधाचीच समजतात. पुढची दुधाची दाढ वेळेआधी गेली की ही पक्की दाढ हळूच पुढे सरकते. मग अकराव्या-बाराव्या वर्षी वरचा सुळा येतो, त्याला बसायला जागा उरत नाही आणि तो हिरडीवर उंच कोठेतरी डोके काढतो. ज्याला आपण कौतुकाने किंवा कुचेष्टेने 'दातावर दात' म्हणतो, तो बहुधा असा आलेला असतो. पुढचे दात पुढे येण्याला आणखीही कारणे आहेत. पाच वर्षांपुढेही अंगठा चोखत राहणे हे एक, आणि नाकामागच्या गाठी वाढल्याने मूल तोंडाने श्वास घेते हे दुसरे. घराण्याचा जबडा तर असतोच. आमच्या घराण्याचा आहे. अमेरिकेतील या विषयाच्या तज्ज्ञांची संघटना सांगते की सातव्या वर्षापर्यंत मुलाचे दात एकदा दाखवून घ्यावेत. आपण बाराव्या वर्षी जागे होतो.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला आवडली. वहिनीला बाहेर बसवून त्यांनी मुलीशीच बोलणे केले. गेल्या तीन महिन्यांत दातांमुळे हसणे टाळलेस का, वर्गात मोठ्याने वाचणे टाळलेस का, कोणी चिडवले का, कडक पदार्थ चावताना अडचण आली का, असे प्रश्न. मागाहून कळले की असे प्रश्न विचारण्याची रीतच आहे. कॅनडात टोरांटोच्या संशोधकांनी 2002 साली अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी 37 प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात दात किती मिलिमीटर पुढे आहेत हे कोणी विचारीत नाही. त्या दातांपायी तुझा दिवस कसा जातो, एवढेच मुलाला विचारतात. घरात आम्ही इतकी माणसे, पण हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही तोंडून निघाला नव्हता.

खर्च ऐकून मात्र दादा गप्प झाला. चाळीस हजार, वर दर महिन्याच्या फेऱ्या. शिवाय जागा करण्यासाठी चार चांगल्या दाढा काढाव्या लागणार. घरी आल्यावर आईने आकाशपाताळ एक केले. "देवानं दिलेलं चांगलं चार दात उपटायचं? माझं बी दात पुढंच होतं, माझं लगीन काय राहिलं?" आई उभा जन्म मशेरी लावीत आली आहे, तिच्या दातांविषयी मी अधिक लिहीत नाही.

दादाही शेवटी म्हणालाच, "लग्न जमताना अडचण नको, म्हणून करू." मला हे कारण पटले नाही. मुलगी आज वर्गात तोंड उघडत नाही आणि आम्ही दहा वर्षांपुढच्या पाहुण्यांची काळजी वाहतो!

मीही मात्र शहाणपणा करायला गेले. कार्डिफ शहरात 1981 साली अकरा-बारा वर्षांच्या हजारावर मुलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी जी सापडली त्यांना वीस वर्षांनी पुन्हा गाठले, असे मी वाचले होते. गरज असूनही ज्यांचे दात सरळ झाले नाहीत, त्यांची मने मोठेपणी त्यामुळे खचलेली आढळली नाहीत. हे मी भाचीला धीर देण्यासाठी सांगितले. ती म्हणाली, "आत्या, वीस वर्षांनी मी बरी होईन. पण उद्या मला शाळेत जायचंय."

यावर मला उत्तर सुचले नाही.

सात महिने काही घडले नाही. मग 2023 चा जुलै आला. त्या वर्षी टोमॅटोने काय केले ते गृहिणींना सांगावयास नको. आपण पाव किलोवर भागवीत होतो, तेव्हा नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला होता. दादाचा प्लॉट नेमका तेव्हा तोडणीला आलेला. सप्टेंबरात भाव कोसळले, पण तोवर दाढा काढून तारा बसल्या होत्या. एरवी दादाच्या टोमॅटोला शिव्या घालणारी मी, त्या एका हंगामाला काही बोलत नाही.

तारा लावणे म्हणजे दात ओढून बसवणे, असे मला वाटे. तसे नसते. हलका दाब सतत राहिला की दात ज्या बाजूस सरकतो तिकडचे हाड विरघळते आणि मागे नवे हाड भरते. महिन्याला साधारण एक मिलिमीटर. घाई केली तर मुळांनाच धोका. म्हणून दोन वर्षे. पहिला आठवडा पोरीने भाकरी दुधात कुस्करून खाल्ली; ऊस, हुरडा, चकली बंद. गालाला आतून फोड आले. रात्री रडलीसुद्धा. आईच तेव्हा तिच्या गालाला तूप लावीत बसे.

त्या दवाखान्यात एकदा आहुप्याकडची एक बाई मुलाला घेऊन आली होती. मुलाचे दात माझ्या भाचीपेक्षाही पुढे, आणि पडून एकाचा टवका उडालेला. पुढे आलेल्या दातांना पडझडीत मार लवकर बसतो. डॉक्टरांनी मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयाचे नाव सांगितले. तेथे खर्च पुष्कळ कमी. बाईने विचारले, "किती येळा जावं लागंल?" महिन्याला एकदा, दोन वर्षे. तिने मुलाचा हात धरला आणि ती उठली. शाळाशाळांतून मुलांची आरोग्यतपासणी 2013 पासून केंद्राच्या कार्यक्रमाखाली होते, हे खरे. पण डोंगरातून दर महिन्याला मुंबई गाठायची कशी? टोमॅटो काही सगळ्यांच्या रानात येत नाही.

2025 च्या जूनमध्ये, दहावीचे वर्ग सुरू होण्याच्या सुमारास तारा निघाल्या. फावडे हे नाव काही निघाले नाही. वर्गातली पोरे अजून तीच हाक मारतात, फक्त आता ही मागच्या बाकावरून उठून उलट ऐकवते. बाईंनी पुन्हा भाषणाला नाव घातले आहे. होते की नाही, ते फेब्रुवारीत कळेल.

दात मात्र जुन्या जागी परत जायला बघतात, म्हणून रात्री एक पातळ प्लेट लावून निजावयाचे असते. ती कागदात गुंडाळून मंचरच्या एसटी स्टँडवर एकदा विसरली, दुसऱ्यांदा केराबरोबर गेली. तिसरी करायला टाकली आहे. पैसे आत्याकडून यायचे आहेत, असे परस्पर ठरले आहे, आणि या भाऊबीजेला चकल्या मीच करून न्याव्यात, अगदी कडक, असा निरोपही आला आहे.