खालच्या लीगची वकिली

ईदच्या दुपारी नेऱ्याला बहिणीच्या घरी शिरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्या आणि बैठकीत माझ्या भाच्यावर खटला उभा राहिला. आरोप एकच होता. पोरगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लॅपटॉपवर फुटबॉलच्या एका क्लबचा मॅनेजर होऊन बसतो. डिप्लोमा होऊन वर्ष उलटलं, नोकरीचे अर्ज अर्धवट पडलेत. फिर्यादी त्याचे अब्बा, म्हणजे माझे दुल्हाभाई. साक्षीला तीस वर्षं जहाजावर काढून आलेले चाचा. त्यांनी विचारलं, "पगार किती देतो रे तुझा क्लब?" सगळे हसले. मीही हसलो.

मग मीच विचारलं, "कुठला क्लब चालवतोस?" मला वाटलं मँचेस्टर नाहीतर माद्रिद म्हणेल. तो म्हणाला, "ऐजॉल, मामू. मिझोरामचा."

या उत्तरावर दुसरा हशा पिकला, पहिल्यापेक्षा मोठा. चाचा म्हणाले, "अरे, खोटं खोटंच व्हायचं तर मोठ्याचा तरी हो!"

पहिल्या हशाशी माझं भांडण नाही. रात्र रात्र जागणाऱ्या पोराला घरच्यांनी टोकलंच पाहिजे. हा लेख त्या दुसऱ्या हशाच्या विरोधात आहे. कारण त्यात फुटबॉलपेक्षा फार मोठं काहीतरी दडलंय, आणि ते आपल्या समाजाला आतून पोखरतंय असं मला वाटतं.

आधी खेळाबद्दल, कारण त्या बैठकीत हसणाऱ्यांपैकी कुणीच तो पाहिलेला नव्हता. कॉलियर नावाच्या दोन इंग्रज भावांनी तो घरी बसून रचला. 1992 साली 'चॅम्पियनशिप मॅनेजर' नावाने तो बाजारात आला, 2004 पासून त्याचं नाव 'फुटबॉल मॅनेजर' झालं. यात चेंडूला लाथ मारायची नसते. तुमच्यासमोर असतो पगाराचा हिशोब, जखमींची यादी, सरावाचं वेळापत्रक, ज्युनियर पोरांचा संघ आणि अध्यक्षांचा तगादा. प्रत्येक खेळाडूच्या गुणांना 1 ते 20 असे आकडे दिलेले असतात. कुणाची धाव 15, कुणाचा संयम 6. या माणसांकडून तुम्ही काय काढून घेता, एवढाच प्रश्न.

मोठा क्लब घेतला तर हा खेळ म्हणजे खरेदी. पैसा आहे, हवा तो माणूस आणा. खालच्या लीगमधला क्लब घेतला की खेळाचा स्वभावच बदलतो. तिजोरी रिकामी असते. हंगामाच्या मध्यावर सर्वांत चांगला खेळाडू कुणीतरी उचलून नेतो. नवा आणायला पैसे नसतात, म्हणून सतरा वर्षांच्या पोराला उभं करावं लागतं आणि तो चुकला तरी पुढच्या सामन्यात पुन्हा उभं करावं लागतं. तिथे सातवा क्रमांक म्हणजेही कमाई असते. माझा भाचा गेले चार महिने हेच करतोय. मी त्याच्या शेजारी बसून पाहिलं. त्याने वहीत खेळाडूंच्या वयाचे तक्ते मांडलेत, तीन हंगामांनंतर कोण कुठे खेळेल याचे. आमच्या जमातीच्या कमिटीने तीन वर्षांचा हिशोब एका कागदावर मांडलेला मी तरी पाहिलेला नाही.

आता ऐजॉलबद्दल. हे नाव भाच्याने हवेतून उचललेलं नाही.

मुंबई एफसी नावाचा एक क्लब होता, 2007 साली सुरू झालेला. 2009 ते 2016 अशी सात वर्षं त्याचा प्रशिक्षक होता खालिद जमील. हा माणूस मुंबईतच महिंद्रा युनायटेडकडून खेळलेला. क्लबकडे पैसा बेताचा, संघात नावाजलेलं कुणी नाही. तरी त्या सात वर्षांत क्लब आय-लीगमधून खाली गेला नाही. या टिकून राहण्याला कुणी हार घातला नाही. उलट संघ कंटाळवाणा खेळतो अशी टीका झाली. 2016 मध्ये तो गेला, आणि पुढच्याच हंगामात मुंबई एफसी खाली घसरला आणि बंद पडला.

खालिद जमील गेला ऐजॉलला. तो क्लब आदल्या हंगामात खाली घसरलेला. गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं म्हणून त्याला परत जागा मिळालेली. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरामची लोकसंख्या अकरा लाखांच्या आत होती. त्या राज्याच्या त्या क्लबाने 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगमध्ये 1-1 अशी बरोबरी केली आणि आय-लीग जिंकली. मोहन बागानपेक्षा बरोबर एक गुण जास्त. ईशान्य भारतातल्या क्लबाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आणि 1 ऑगस्ट 2025 रोजी भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक म्हणून नाव जाहीर झालं ते याच खालिद जमीलचं.

त्या दिवशी आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर मुबारकबादीचा पूर आला. 'आपला माणूस', 'आपली शान', फोटोखाली हिरवी अक्षरं. मला विचारायचंय: 2009 ते 2016 हा माणूस आपला नव्हता का? तेव्हा तो कूपरेजवर उभा होता. मी त्या काळात नोकरीसाठी रोज पनवेलहून लोकलने मुंबईला जात होतो. कूपरेजच्या भिंतीला लागून किती वेळा चाललो असेन. एकदाही आत गेलो नाही. नाव ऐकलेलं नव्हतं असंही नाही. फक्त तो सातव्या-आठव्या क्रमांकाचा मॅनेजर होता, आणि सातव्या क्रमांकावरच्या माणसाला आपण आपला म्हणत नाही.

त्या दुसऱ्या हशाचा अर्थ हा आहे. वरच्याला सलाम करायचा, खालच्याला हसायचं, आणि खालचा वर पोचला की त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढायचा.

सय्यद अब्दुल रहीम यांचंही आपण हेच केलं. हैदराबादचे शाळामास्तर. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. 1951 आणि 1962 च्या आशियाई स्पर्धांत त्यांच्या संघाला सुवर्ण मिळालं, 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक. 1963 मध्ये कर्करोगाने ते गेले. आपल्या मोहल्ल्यात त्यांचं नाव कधी निघालं? 2024 मध्ये 'मैदान' सिनेमा आला तेव्हा. आणि निघालं ते कशासाठी, तर 'बघा, आम्हीही देशासाठी केलंय' हे दाखवायला. रहीमसाहेबांचा आपण दाखला केला. त्यांनी पोरांना दोन्ही पायांनी खेळायला कसं शिकवलं, संघ कसा मांडला, याची चौकशी कुणी केली नाही.

खालिद जमीलचं तसं होऊ नये. तो मला मुसलमान असल्याचा पुरावा म्हणूनही नको आणि देशभक्तीचं प्रमाणपत्र म्हणूनही नको. मला तो प्रशिक्षक म्हणून हवा. त्याच्या संघाने सप्टेंबर 2025 मध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून काफा नेशन्स कपमध्ये तिसरा क्रमांक मिळवला. ऑक्टोबरमध्ये तोच संघ मडगावला सिंगापूरकडून 1-2 असा हरला आणि आशिया कपची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशानेही हरवलं. मुबारकबादीवाले ग्रुप त्या रात्री गप्प होते. माझा भाचा गप्प नव्हता. तो तासभर फोनवर मला मधल्या फळीत काय चुकलं ते सांगत होता. त्या समाजातला खालिद जमीलचा खरा माणूस मला तोच वाटला. जिंकल्यावर धर्म विचारणारे पुष्कळ आहेत, हरल्यावर डावपेच विचारणारा एखादाच.

समोरच्या बाजूचे मुद्दे टाळायचे नाहीत. चाचा म्हणतात, हा सगळा खोटा संसार आहे. खरंय. लॅपटॉपमध्ये हरलेला सामना जुनी फाइल उघडून पुन्हा खेळता येतो, आयुष्यात येत नाही. माणसाला 20 पैकी 11 म्हणणं हीही एक आंधळीच नजर आहे. आणि झोप ही झोप असते, हे भाच्याला मीही सुनावलंय. काही जण म्हणाले, हाही जुगारच. हे मात्र अजिबात मान्य नाही. पैसे लावून संघ निवडण्याची अॅप्स आपल्याच पोरांच्या हातात वर्षानुवर्षं होती, ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली तोवर. तेव्हा ईदच्या बैठकीत कुणावर खटला भरल्याचं मला आठवत नाही. एका रात्रीत श्रीमंत व्हायची लालूच आपल्याला चालली, दहा हंगाम धीर धरायला लावणारा खेळ मात्र खुपला.

त्या खेळात आणखी एक खोट आहे, आणि ती भाच्यानेच मला दाखवली. तो म्हणाला, "मामू, यात क्लब कर्जात बुडतो, पण पुढचा हंगाम येतोच. महाराष्ट्रात तसं होत नाही." मग त्याने बोटांवर मोजलं. महिंद्रा युनायटेड 2006 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला, 2010 मध्ये मालकांनी बंद केला. एअर इंडियाचा संघ गेला. पुणे एफसी गेला. पुण्याचाच भारत एफसी एक हंगाम खेळून संपला. डीएसके शिवाजीयन्स गेला. आयएसएलमधला पुणे सिटी 2019 मध्ये उठून हैदराबादला गेला. त्याच साली मुंबई सिटीचा मोठा वाटा परदेशी समूहाने घेतला, क्लबाने लीग जिंकली, आपण टाळ्या वाजवल्या. आणि जुलै 2025 मध्ये आयएसएलच स्थगित झाली, कारण 2010 मध्ये महासंघाने पंधरा वर्षांसाठी केलेला करार संपत आला होता आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. पंधरा वर्षं! माझ्या भाच्याच्या वहीत यापेक्षा बरं नियोजन आहे.

महाराष्ट्रात टिकलं ते कोल्हापूर. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालीम मंडळांचे संघ आहेत, शिवाजी तरुण मंडळ आहे. शाहू स्टेडियम आजही भरतं. तिथे भांडणंही होतात, ते लपवायचं कारण नाही. पण ते संघ पेठांचे आहेत, गल्लीतल्या माणसांचे. मालक कंटाळला म्हणून ते बंद पडत नाहीत, कारण कंटाळायला एकच एक मालकच नाही. भाच्याच्या खेळातल्या यादीत कोल्हापूरची लीग नाही. या खेळासोबत नवी लीग भरायची सोय मिळते, तर आता तो ती एकेक करून भरतोय. संघ, मैदान, रंग, पोरांची नावं. मी म्हटलं, कोण बघणार हे? तो म्हणाला, "नोंद तर राहील."

हे वाक्य मला लागलं. ज्याची नोंद नाही तो नव्हताच असं म्हणणं किती सोपं असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला हवं का? आपण रोज तक्रार करतो की इतिहासात आपली नोंद नाही, वर्तमानपत्रात नाही, पाठ्यपुस्तकात नाही. आणि आपल्या घरातला एक पोरगा अनोळखी लोकांची नोंद करत बसलाय, तर त्याला आपण हसतो.

आता त्याला काय हवंय ते सांगतो, कारण त्या बैठकीत ते विचारायचंच राहून गेलं. त्याला मॅनेजर होण्याची स्वप्नं पडत नाहीत. त्याला भारतीय महासंघाचा प्रशिक्षकाचा डी परवाना काढायचाय. या शिडीच्या खालच्या पायऱ्यांपैकी ती एक. त्यासाठी फी लागते, काही दिवस लागतात. दुल्हाभाईंनी आखाताचा पासपोर्ट तयार ठेवलाय. मी त्यांना वाईट म्हणत नाही, आखाताने आपली किती घरं उभी केली हे मला ठाऊक आहे. पण एक हंगाम द्या, एवढंच माझं म्हणणं आहे. खालच्या लीगमध्येसुद्धा पोराला एक हंगाम देतात.

आणि मैदान. पनवेलहून सुकापूर मागे टाकून नेऱ्याकडे आलात की दोन्ही बाजूंना नव्या इमारती दिसतील, समोर माथेरानचा डोंगर. गाढी नदीच्या अंगाला एक मोकळा तुकडा उरलाय. संध्याकाळी तिथे पंधरा-वीस पोरं खेळतात: आगरी, आदिवासी, आमची, बिहारहून आलेल्या गवंड्यांची. विमानतळ सुरू झालाय, जमिनीचे भाव आभाळाला भिडलेत. तो तुकडा किती दिवस राहील हे मी सांगू शकत नाही. इथून तासाभराच्या अंतरावर डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये 2017 आणि 2022 असे दोन 17 वर्षांखालील विश्वचषक होऊन गेले. त्यातलं नेऱ्याच्या त्या तुकड्यावर काय आलं? दोन विटांचे गोलपोस्ट तेव्हाही होते, आताही आहेत.

जमातीच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी दोन ठराव मांडणार आहे. एक, पोरांच्या शिक्षणासाठी जो निधी आपण ठेवतो, त्यातून प्रशिक्षकाच्या परवान्याची फी देता यावी. दोन, तो तुकडा खेळासाठी राखून ठेवावा असा अर्ज सिडकोकडे जावा, आणि त्यावर सह्या फक्त आपल्या नकोत, ज्यांची पोरं तिथे खेळतात त्या सगळ्यांच्या हव्यात. ठराव हरले तरी चालेल. पुढच्या मीटिंगला पुन्हा मांडीन.

दुल्हाभाईंनी अजून होकार दिलेला नाही. भाचा मात्र मागच्या आठवड्यापासून रोज पाच वाजता वही घेऊन त्या तुकड्यावर जातो. परवा मी विचारलं, "तुझ्या ऐजॉलचं काय झालं?" म्हणाला, "सातवे आलो, मामू."

मी मुबारकबाद दिली.