भीतीचा रस

बुजलेला बैल शिंगे रोखून अंगावर यावा आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या माणसाने एका उडीत गव्हाण ओलांडावी, हे पुष्कळांनी पाहिले असेल. ही ताकद येते कुठून?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. संकट दिसताच मेंदूचा हुकूम सुटतो आणि ती ॲड्रेनलिन नावाचा रस रक्तात सोडते. काळीज धडधडते, यकृतातील साखर रक्तात उतरते, कातडीतले व पोटातले रक्त स्नायूंकडे वळते. म्हणून चेहरा पांढराफटक पडतो, तोंडाला कोरड पडते. मनही एकाच गोष्टीवर खिळते. मागून कोणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. बैल बांधला, की थोड्या वेळाने सारे निवते.

पण निवलेच नाही तर? कोकणातला लाल विंचू नेमके हेच करतो. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण घातक हा लहानसा लालच. त्याचे विष मज्जातंतूंना असे डिवचते, की आपल्याच शरीरातल्या या रसांना पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते, फुफ्फुसांत पाणी भरते. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी असे रोगी रात्र रात्र उशाशी बसून पाहिले. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी त्यांनी वापरली आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अनुभव मांडला. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरात तीसएक दगावत. आता वेळेत गोळी मिळाली तर क्वचितच एखादा.

तेव्हा आयाबायांनो, पेंढा काढताना पोराला विंचू चावला, तर ते किती रडते एवढेच पाहू नका. वेदना फार नसेल, पण उलटी होत असेल, दरदरून घाम सुटला असेल, हातपाय गार पडले असतील, तर तो रसाचा पूर आहे. मांत्रिकाकडे बसून जाणारा तास फार महागात पडतो. सरळ दवाखाना गाठा आणि विंचू किती वाजता चावला ते डॉक्टरांना सांगा. गोळी दिल्यावर पोर हुशारले, तरी लगेच उचलून खांद्यावर घेऊ नका. वाहिन्या सैल झाल्याने उभे करताच रक्तदाब उतरून घेरी येते. डॉक्टर सांगतील तोवर आडवेच असू द्या.