निर्मनुष्य टेकडीचे दोन खासदार

ब्रिटिश पार्लमेंटला ‘संसदांची जननी’ म्हणून गौरविण्याची सवय भारतीय सुशिक्षितांत अद्याप टिकून आहे. इंग्रजांपाशी लोकशाही पहिल्यापासूनच सिद्ध होती आणि ती त्यांनी उदारपणे भारताच्या पदरात टाकली, असा समज त्यामागे असतो. ओल्ड सॅरम मतदारसंघाचा इतिहास अशांनी अवश्य पाहावा.

इंग्लंडमधील सॅलिसबरी नगराच्या उत्तरेस ही प्राचीन तटबंदीची टेकडी आहे. 1220मध्ये खालच्या मैदानात नव्या कॅथीड्रलचे बांधकाम सुरू झाले आणि वस्ती तिकडे उतरली. गाव ओस पडले. पार्लमेंटमधील दोन जागा मात्र शाबूत राहिल्या! मताधिकार तेथील ठरावीक भूखंडांना जोडलेला असे. भूखंड ज्याचे, खासदार त्याचे. निवडणुकीच्या दिवशी मालकाच्या मर्जीतील मूठभर माणसे एका वृक्षाखाली जमत आणि धन्याने ठरविलेली नावे विजयी होत.

1691च्या सुमारास ही टेकडी टॉमस पिटने विकत घेतली. ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी झुगारून बालासोर येथे केलेल्या व्यापारात त्याने संपत्ती मिळविली होती. ज्या कंपनीने त्याला चोरटा व्यापारी ठरविले, तिनेच 1698मध्ये त्याला मद्रासचा गव्हर्नर नेमले. (नीतिमत्तेची ही लवचीकता लक्षणीय आहे.) त्याचा नातू, पुढे पंतप्रधान झालेला थोरला विल्यम पिट, 1735मध्ये याच निर्मनुष्य टेकडीचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात शिरला. 1802मध्ये पिट घराण्याने ती विकली, तेव्हा घेणाऱ्या अर्ल ऑफ कॅलेडनच्या वडिलांची संपत्तीही कंपनीच्या नोकरीत भारतातच कमावलेली होती.

याच काळात लाखावर वस्तीच्या मँचेस्टरला स्वतःचा एकही खासदार नव्हता. 1819मध्ये तेथे प्रतिनिधित्वाची मागणी करणाऱ्या निःशस्त्र जमावावर घोडदळ घालण्यात आले. अनेक जण प्राणास मुकले. अखेर 1832च्या सुधारणा कायद्याने ओल्ड सॅरम रद्द झाले. इंग्रज जनतेने लढून मिळविलेला हा बदल होता, आणि त्याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. सत्ताधाऱ्यांच्या औदार्याला नव्हे.

पुढल्याच वर्षी, 1833मध्ये, या सुधारलेल्या पार्लमेंटने भारतावरील कंपनीच्या राज्यकारभाराची मुदत वीस वर्षांनी वाढविली. मँचेस्टरचे दोन खासदार तेव्हा सभागृहात होते. भारतीय प्रजेने निवडलेला एकही नव्हता.