मीटर एक, संसार दोन

लग्न पाहावे करून अन् घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. त्यात ‘घर पाहावे भाड्याने देऊन’ एवढी भर घालायला हरकत नाही. पुढे आपण राहायचे आणि मागच्या दोन खोल्या एखाद्या शिक्षकाला, परिचारिकेला किंवा शिकणाऱ्या मुलांना द्यायच्या, ही आदिलाबादेतील कितीतरी घरांची जुनी रीत. मराठीत भाडे, कन्नडमध्ये बाडिगे, तेलुगूत अद्दे. शब्द तीन, पण कुरबुर एकच : बिल कोणी भरायचे?

भाड्याचा आकडा आपण घासाघीस करून ठरवतो. विजेचे मात्र ‘निम्मे-निम्मे करू’ म्हणून सोडून देतो. दोन बिऱ्हाडे एकाच मीटरवर असली की खरे नुकसान तिथेच सुरू होते, कारण युनिट वाढले की दरही वाढतो. एप्रिल 2022 पासून तेलंगणात लागू झालेल्या दरांत, महिन्याला 100 युनिटपर्यंत वापर असलेल्या घराला पहिल्या 50 युनिटना 1 रुपया 95 पैसे आणि पुढच्या 50 ना 3 रुपये 10 पैसे असा दर होता. वापर 100 च्या पुढे गेला की पहिले शंभरही 3 रुपये 40 पैशांनी आणि त्यापुढचे 200 पर्यंतचे 4 रुपये 80 पैशांनी. आता हिशेब करा. दोन बिऱ्हाडांनी प्रत्येकी 90 युनिट जाळले, तर वेगळ्या मीटरवर दोघांचे मिळून 443 रुपये. तेच 180 युनिट एका मीटरवर आले की 724 रुपये. इतर आकार वेगळेच.

त्याहून मोठी गोष्ट गृहज्योती योजनेची. मार्च 2024 पासून आपल्या राज्यात पात्र शिधापत्रिकाधारकांना 200 युनिटपर्यंत शून्य बिल मिळते आणि भाडेकरूही त्यास पात्र ठरू शकतो. कर्नाटकात याच नावाची योजना 2023 पासून आहे. पण तिथले नियम वेगळे, म्हणून बिदरच्या पाहुण्यांचे ऐकून इथला हिशेब करू नये. मीटर एकच असेल आणि उन्हाळ्यात दोन्हीकडे कूलर लागले, तर 200 ची मर्यादा सहज ओलांडली जाते. मग हातावर पोट असलेल्या भाडेकरूचे शून्य बिल आपल्या मीटरपायी जाते. घरात पोटमीटर बसवला तर वाटणी नीट होते, पण वीज कंपनी मोजते मुख्य मीटरच. म्हणून जमेल तिथे वेगळी जोडणी घ्यावी. एकदाचा खर्च, पण रोजची कटकट मिटते.

घरपट्टी मालकानेच भरायची. वर्षाची पट्टी एप्रिलमध्ये एकरकमी भरणाऱ्यांना 5 टक्के सूट देण्याची आपल्या नगरपालिकांत पद्धत आहे. पावती जपून ठेवा. प्राप्तिकरात भाड्यातून त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के सूट मिळते. वर्षाचे भाडे 72 हजार आणि घरपट्टी 4 हजार असेल, तर उरले 68 हजार. त्यातून 20,400 वजा जाऊन 47,600 रुपये उत्पन्न धरले जाते. रंगरंगोटी, नळदुरुस्ती यांची वजावट वेगळी मिळत नाही; ती त्या 30 टक्क्यांतच आली.

म्हणून दुरुस्ती टाळावी, असे मात्र नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे 108 वे कलम सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल आणि मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती सूचना देऊनही वाजवी वेळेत झाली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो. तेव्हा गळके छत कोणाचे आणि फुटलेला बल्ब कोणाचा, हे करारातच लिहावे.

एक साधी वही करा. भाडेकरू राहायला येईल त्या दिवशीचे मीटरचे आकडे, अनामत रक्कम आणि दरमहा मिळालेले भाडे त्यात लिहून दोघांनी सह्या कराव्यात. भाड्यातला दहावा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला काढावा. घर सोडताना पुन्हा आकडे पाहावेत, शेवटचे बिल वळते करावे आणि उरलेली अनामत त्याच दिवशी हातावर ठेवावी. मराठीतला लेखा आणि कन्नडमधला लेक्क जुळला की माणसे भांडून नाही, निरोप घेऊन जातात.