तालमीचा तास

आम्ही दोघेही कोल्हापुरात मराठी शिकवतो आणि आमच्या घरात शाळेत जाणारी दोन मुले आहेत. एवढे सांगितल्यावर आमच्या दिनक्रमाचे वेगळे वर्णन करण्याची गरज नसावी. पहाटे कुकरची शिट्टी, सातला शाळेची रिक्षा, आठला पहिला तास, दुपारी मूल्यांकनाच्या फायली, संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या, रात्री उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. या वेळापत्रकात व्यायाम कोठे बसवायचा, हा प्रश्न आम्ही अनेक वर्षे हसण्यावारी नेला. मग आमच्याच वयाच्या एका सहकाऱ्याला हृदयविकाराचा झटका आला. सुदैवाने ते वाचले. त्यांना भेटायला आम्ही रुग्णालयाचे तीन मजले जिन्याने चढून गेलो आणि वर पोचल्यावर दोघांनाही काही क्षण बोलता येईना. रुग्णाची विचारपूस करायला गेलेल्या आमचीच विचारपूस तेथील परिचारिकेने केली.

‘वेळ मिळत नाही’ हे आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाचे आवडते वाक्य आहे. भाषेच्या अभ्यासकांनी त्याची रचना जरा न्याहाळावी. त्यात वेळ ही आपोआप हाती येणारी वस्तू आहे. ती आली नाही तर बोलणाऱ्याचा दोष नाही. याला उत्तर म्हणून आरोग्यविषयक सदरांतून ‘वेळ काढा’ असा उपदेश केला जातो. जणू तो कोठेतरी आडात साठला आहे आणि पोहरा सोडण्याचाच काय तो अवकाश! आमचे म्हणणे असे की, लहान मुलांच्या घरात वेळ मिळत नाही आणि काढताही येत नाही. तो कोणाकडून तरी घ्यावा लागतो. म्हणून व्यायामाचा प्रश्न निश्चयाचा असण्याआधी घरातल्या वाटपाचा आहे.

मुळात गरज किती, हे आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम हवा. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, अशी एक सोपी कसोटी आहे. २०१० सालच्या सूचनांत हा व्यायाम सलग किमान दहा मिनिटांचा असावा अशी अट होती. २०२० मध्ये ती गेली. आईबापांच्या दृष्टीने हा बदल मोलाचा आहे. तुकड्यातुकड्यांनी केलेले चालणे, चढलेले जिने, मुलीच्या दोरीवर मारलेल्या उड्या, झपझप घातलेले सूर्यनमस्कार, सारे हिशेबात धरता येते.

जिन्यांवरून एक जुना अभ्यास आठवतो. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिन्याची चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. दोघे एकाच गाडीवर राबत होते. वाहकाला ही चढउतार करायला निराळी सवड कोणी दिली नव्हती. ती त्याच्या कामातच होती.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो बहुधा पुरुषांकडून येतो: ‘घरकाम हाच बायकांचा व्यायाम.’ घरकामाने शरीर दमते यात शंका नाही. पण दमणूक म्हणजे व्यायाम नव्हे. ओट्याशी तासभर उभे राहून पोळ्या केल्याने पाठ भरून येते, पाय दुखतात. हृदयाची गती मात्र म्हणावी तशी वाढत नाही. शिवाय हे काम किती विषम वाटले गेले आहे! राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ सालच्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरची बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ९७. तोही अशी कामे करणाऱ्या मोजक्या पुरुषांचा, कारण सहा वर्षांवरील पुरुषांपैकी ती करणारे जेमतेम २६ टक्के होते.

ही आकडेवारी आम्ही वर्गात पूर्वीही सांगितली होती. घरी ती आम्हांला नंतर भेटली. रुग्णालयातून परतल्यावर आमच्यातल्या एकाने पहाटे रंकाळ्यावर फिरायला जाण्याचा नेम धरला आणि तो काटेकोर पाळलाही. तीन महिन्यांत त्याच्या कमरेचा पट्टा दोन भोके आत गेला आणि दुसरीची कंबर धरली. डबे, अंथरुणे, मुलांना उठवणे हे सारे तिच्या एकटीच्या वाट्याला आले होते. एका सकाळी रिक्षा चुकली, कडाक्याचे भांडण झाले आणि तेव्हा कळले की, एकाचा व्यायाम दुसरीच्या वेळातून चालला होता.

त्यानंतर आम्ही महाविद्यालयाचीच रीत घरात आणली. तेथे एकाचा तास दुसऱ्याने घ्यायचा असेल तर तशी नोंद होते, उपकार मानले जात नाहीत. आता एकीचा व्यायाम सोमवार, बुधवार, शुक्रवारी असतो. दुसऱ्याचा मंगळवार, गुरुवार, शनिवारी. वेळ चाळीस मिनिटे. जो घरी, त्याच्याकडे स्वयंपाकघर. डबे भरण्याचे काम मुलांकडे गेले. प्रारंभी त्यांनी कुरकुर केली, आता करत नाहीत. रविवारी चौघे मिळून रंकाळ्यावर अर्धा तास झपझप चालतो. प्रत्येकी तीन वेळा चाळीस आणि वर तीस, म्हणजे १५० मिनिटे भरली. मुलीच्या तबल्याच्या वर्गाबाहेर गाडीवर बसून मोबाइल पाहण्याऐवजी त्याच गल्लीत फेऱ्या मारल्या तर तो वरकड नफा. परीक्षांच्या दिवसांत हे वेळापत्रक कोलमडते. तेव्हा जिने आणि दोरीवर भागवतो आणि कोणाला किती तास देणे राहिले ते लिहून ठेवतो. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा, हे सांगणे आवश्यक आहे.

कोल्हापूर हे तालमींचे गाव. पेठापेठांतून त्या उभ्या आहेत. ‘तालीम’ हा शब्द मूळचा अरबी आणि त्याचा अर्थ ‘शिक्षण’. मराठीने तो आखाड्याला दिला आणि नाटकाच्या सरावालाही. पण घुमणाऱ्या पैलवानाच्या खुराकासाठी घरी कोण राबत होते, याची दखल आपण क्वचितच घेतली. आपल्या पिढीला तालीम परवडायची असेल तर तिचा हिशेब पुरा मांडला पाहिजे. तेव्हा आमच्यासारख्या अध्यापक मित्रमैत्रिणींना एवढीच सूचना आहे: उद्यापासून फिरायला जायचे ठरवलेत तर बूट घेण्यापूर्वी, तुम्ही बाहेर असताना घरी कोण काय करणार आहे, ते विचारा. आणि त्याचा तास तुम्ही कोणत्या वारी घेणार, तेही तेव्हाच ठरवा.